चारचौघांत नको

पावसाच्या तोंडावर कोकणातल्या रानांत नवरंग येतो. पालापाचोळ्यात किडे वेचणारा, दोन सुरांची शीळ घालणारा हा पक्षी इथे घरटं करतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या पक्षीनिरीक्षण गटात खटके उडतात. कुणीतरी मोबाइलवर त्याची शीळ वाजवतं. हद्दीत दुसरा नर घुसलाय असं वाटून नवरंग हातचं काम टाकून समोर येतो. फोटो छान मिळतो. पण विणीच्या हंगामात असं पुन्हापुन्हा झालं तर त्याचा वेळ आणि ताकद त्यातच खर्ची पडते.

अशा वेळी मी तिथल्या तिथे एवढंच म्हणते, "काका, आत्ता नको, घरटं जवळ असेल." बाकीचं बोलणं वाटेत जरा मागे राहून, दोघांतच. चारचौघांत पाणउतारा झाला की माणूस पक्ष्याला विसरून स्वतःची बाजू लढवत बसतो. बोलायचं ते केलेल्या गोष्टीबद्दल. स्वभाव काढायचा नाही. घरट्यापाशी रेंगाळायचं नाही, जागा कुणाला कळवायची नाही, शीळ वाजवायची नाही, हे निघतानाच सगळ्यांना सांगितलेलं असतं. त्यामुळे मला फक्त त्याची आठवण करून द्यावी लागते. उत्साहाच्या भरात चुकणारे बहुतेक जण ऐकतात. त्यांच्याकडे ई-बर्ड या संकेतस्थळावरच्या पक्षीनोंदींची जबाबदारी दिली, की तेच पुढे इतरांना आवरतात.

कठीण जातो तो दुसऱ्यांना हिणवणारा जाणकार. नवी मुलगी फांदीकडे बोट दाखवून नाव विचारते आणि हा म्हणतो, "बुलबुलसुद्धा ओळखता येत नाही?" ती दुर्बीण खाली करते. त्या सकाळी पुन्हा काही विचारत नाही, पुढच्या फेरीला येत नाही. तक्रार करत नाही, म्हणून हे नुकसान कुणाच्या लक्षातही येत नाही. मी मात्र न आलेल्यांना आवर्जून फोन करते. गटाची खरी तब्येत त्यांच्याकडूनच कळते.

दोनदा बजावूनही फरक पडला नाही, तर त्या माणसाला फोनवर कारण स्पष्ट सांगून यायला मनाई करते. गटात त्याचा बभ्रा करत नाही. "एवढा जाणकार माणूस घालवलात?" असं कुणी विचारतंच. त्याच्यामुळे न बोलता निघून गेलेल्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांच्यातही उद्याचे जाणकार होतेच, आणि त्यांना शिकता यावं म्हणूनच तर हा गट आहे.