उजवा हात

गिटारवाल्याच्या डाव्या हाताचं कौतुक फार. उजव्याकडं कुणी बघत नाही, आणि मेटल संगीतात तर सगळी मजुरी त्याचीच.

माझ्या उजव्या हाताला पहिली शिस्त लावली सतारीनं. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत होतो तेव्हा घरी आत्याची सतार होती. तर्जनीत मिजराब, अंगठा दांडीच्या कडेला टेकलेला, आणि तासन्‌तास 'दा रा दा रा'. मी सतारीला हात घातला की आत्या म्हणायची, "अरे, खांदा कशाला उचलतोस?" पुढं कॉलेजात दर्यागंजच्या दुकानातून गिवसन गिटार आली, आत्या मागं पडली आणि मी मेटालिका या मेटल बँडच्या नादी लागलो.

त्यांचं 'मास्टर ऑफ पपेट्स' हे गाणं १९८६चं. मिनिटाला साधारण २१२ ठोके, दर ठोक्याला दोन आघात, म्हणजे सेकंदाला सात. बँडचा गिटारवाला जेम्स हेटफिल्ड त्यातली मुख्य रिफ खाली-खालीच मारतो. खाली-वर मारलं तर कष्ट निम्मे होतात, पण दणकाही जातो. हा हात प्रत्यक्ष बघायला २८ ऑक्टोबर २०११ला आम्ही गुडगावच्या लेझर व्हॅली मैदानावर गेलो. पुढचे कठडे मोडले, मेटालिकाचा कार्यक्रम झालाच नाही. दोन दिवसांनी बंगळुरूकर ऐकून मोकळे झाले! मग तो हात व्हिडिओतच बघितला, आवाज बंद करून. आवाज नसला की नीट दिसतं: हालचाल जवळपास सगळी मनगटात, तीही जेमतेम.

आता नोएडातल्या जॅमरूममध्ये पोरं म्हणतात, "भैया, हाथ जाम हो जाता है." मी आधी तार छेडायची पिक बघतो. टोक तारेत खोल घुसलं की अडकतं, ते सोडवायला मनगट ताणतं, मनगट दमलं की कोपर मदतीला धावतं, आणि कोपर आलं की वेग संपला. म्हणून तारेला टोकाचा मिलिमीटरभरच भाग लागू द्यायचा, आणि पिक किंचित तिरपी धरायची, म्हणजे कड तारेवरून घसरते. पिक पातळ असेल तर ती वाकते आणि परतायला उशीर करते. मिलिमीटरहून जाड घ्यावी. तळव्याची कड ब्रिजवर नुसती टेकवायची. दाबली तर हात बांधला जातो, आणि तरंगत्या ब्रिजवर सूरही चढतो.

सगळे सांगतात, हळू वाजव. अर्धवट सल्ला आहे हा. मिनिटाला १०० ठोक्यांवर हात वीतभर फिरवून केलेला रियाज २०० वर कामाला येत नाही, कारण ती हालचालच वेगळी. हळू वाजवतानाही हात द्रुत लयीतल्याइतकाच हलला पाहिजे. आणि अँपचं गेन उतरवून फोनवर रेकॉर्ड करा. भरपूर डिस्टॉर्शनमागं ढिला हात मजेत लपतो.

दिल्लीच्या जानेवारीत मी आधी कोमट पाण्यात हात धरतो, मगच मेट्रोनोम लावतो. सलग खाली-खाली माझं १९०पर्यंत जातं. २१२ला दोन ओळींत दमतो. तुमचं कोपर दुखायला लागलं, तर मात्र ठोके मोजत बसू नका. गिटार खाली ठेवा आणि डॉक्टरकडं जा.