मूळ अज्ञात

शरीरात एके ठिकाणी कर्करोग सापडतो, तो तिथला नव्हे हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, पण तो आला कुठून हे सगळ्या तपासण्या करूनही कळत नाही. अशा आजाराला ‘मूळ अज्ञात असलेला कर्करोग’ म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘सीयूपी’ हे त्याचे आद्याक्षरी नाव रूढ आहे. कर्करोगाच्या एकूण रुग्णांपैकी साधारण २ ते ५ टक्के या गटात मोडतात.

कर्करोगाला नाव मिळते ते उगमाच्या अवयवावरून. फुफ्फुसात सुरू झालेला रोग मेंदूत पोचला तरी तो फुफ्फुसाचाच राहतो आणि औषधही फुफ्फुसाच्या कर्करोगाचेच दिले जाते. कोणत्या तज्ज्ञाकडे जायचे, कोणते औषध घ्यायचे, पुढचा अंदाज काय बांधायचा, हे सारे त्या एका नावावर ठरते. मूळ सापडले नाही की नाव जाते आणि नावाबरोबर हे सारे आधारही डळमळतात.

सुरुवात बहुधा साध्या तक्रारीने होते. दाढी करताना मानेला गाठ लागते, पोट फुगून त्यात पाणी झाल्याचे कळते, पाठदुखी हटत नाही किंवा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसतात. भारतात मानेतली गाठ म्हटली की आधी क्षयाची शंका येते आणि ती रास्तच असते. मात्र सुईने तपासणी न करता क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, तर कित्येक आठवडे हातचे जातात. बायोप्सीच्या अहवालात ‘मेटास्टॅटिक’ हा शब्द येतो, म्हणजे दुसरीकडून पसरत आलेला. घरचे विचारतात, ‘दुसरीकडून म्हणजे कुठून?’ तिथून शोध सुरू होतो.

सीटी स्कॅन, दुर्बिणीने केलेली पोटाची तपासणी, स्त्रियांसाठी मॅमोग्राफी आणि शेवटी पेट स्कॅन असा त्याचा साधारण क्रम असतो. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज शिरेतून देतात. कर्कपेशी साखर अधाशासारखी ओढून घेतात, म्हणून चित्रात त्या उजळतात. पण मेंदूही साखर ओढतो, मूत्राशयातही ती साठते आणि काही मिलिमीटरची गाठ या उजेडात हरवते. दुसरा शोध पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत चालतो. मेणात बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्याचे पातळ काप काढून त्यांवर निरनिराळी प्रतिपिंडे टाकतात. टीटीएफ-१ रंगले तर बोट फुफ्फुसाकडे किंवा थायरॉइडकडे जाते, सीके-२० आणि सीडीएक्स-२ रंगले तर आतड्याकडे, पीएसए रंगले तर प्रोस्टेटकडे. मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घ्यायला निघालेल्या कुटुंबाच्या पिशवीत म्हणूनच फाइलबरोबर ‘ब्लॉक आणि स्लाइड’ असतात.

पुढे एक दिवस डॉक्टर शोध थांबवायला सांगतात. ज्या तपासणीने उपचार बदलणार नाही ती करू नये, असा वैद्यकाचा नियम आहे. कुटुंबाला मात्र ही माघार वाटते. आणखी एक स्कॅन, आणखी एक शहर, आणखी एक तज्ज्ञ असा आग्रह सुरू होतो. त्यात पैसा जातो, रुग्णाची ताकद जाते आणि उपचारासाठी हाताशी असलेले आठवडेही जातात. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी मराठीत म्हण आहे. या आजारात मूळ शोधावेच लागते, पण कुठे थांबायचे हे कळणे उपचाराइतकेच महत्त्वाचे ठरते.

मूळ का सापडत नाही, याची काही स्पष्टीकरणे दिली जातात. कधी मूळ गाठ अगदी लहान राहते आणि तिच्यापासून निघालेल्या पेशी मात्र दूर जाऊन फोफावतात. कधी शरीराची प्रतिकारशक्तीच मूळ गाठ संपवते. वृषणाच्या आणि त्वचेच्या काही कर्करोगांत जागेवर नुसता व्रण उरलेला आढळतो. कधी पूर्वी काढून टाकलेला एखादा तीळच उगम असतो आणि तो तेव्हा कोणी तपासलेला नसतो. शवविच्छेदन केलेल्या बहुतेक रुग्णांमध्ये मूळ अखेर सापडते, ते बरेचदा फुफ्फुसात किंवा स्वादुपिंडात. पण सगळ्यांमध्ये तेव्हाही सापडत नाही.

मूळ न सापडताही काही वेळा रोगाची चाल ओळखीची असते. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी १९०७ मध्ये अशा स्त्रियांची नोंद केली, ज्यांच्या काखेत कर्करोगाची गाठ होती आणि स्तनात काहीच हाताला लागत नव्हते. अशा स्त्रीवर आजही स्तनाच्या कर्करोगाप्रमाणेच उपचार होतात. मानेच्या गाठीत स्क्वॅमस पेशी सापडल्या तर मूळ टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी दडलेले असण्याचा संभव मोठा असतो; तिथे शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांनी पुष्कळ जण बरे होतात. पोटाच्या आवरणावर पसरलेला विशिष्ट प्रकारचा रोग अंडाशयाचा मानून हाताळतात. अशा अनुकूल गटांत १५ ते २० टक्के रुग्ण बसतात.

बाकीच्यांना कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल यांसारखी, अनेक कर्करोगांवर चालणारी औषधे देतात. या मोठ्या गटातील मध्यक आयुर्मान वर्षापेक्षा कमी आहे. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या आधी जातात आणि निम्मे त्यानंतरही राहतात. कोण कोणत्या निम्म्यात असेल, हे तो आकडा सांगत नाही.

आता पेशींमधील जनुकीय बदल वाचून उपचार ठरवण्याचे प्रयत्न चालू आहेत. जनुकांवरून मूळ ओळखून त्यानुसार औषध देण्याचा जपानमधील प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. २०२४ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी ९० जनुकांच्या चाचणीवरून उपचार केले, तेव्हा रोग न वाढता गेलेला मध्यक काळ ६.६ महिन्यांवरून ९.६ महिन्यांवर गेला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘क्यूपिस्को’ या आंतरराष्ट्रीय प्रयोगात उगमाचा विचार बाजूला ठेवून थेट बदललेल्या जनुकावर औषध दिले गेले. तिथे हाच काळ ४.४ वरून ६.१ महिने झाला. वाढ थोडी आहे, पण ‘कुठला’ हे कळले नाही तरी ‘कसला’ हे कळू शकते, एवढे तिने दाखवले.

रुग्णाच्या रोजच्या जगण्यात मात्र प्रश्न ‘कुठला’ हाच राहतो. भेटायला आलेला प्रत्येक नातेवाईक विचारतो, ‘कशाचा कॅन्सर?’ उत्तर ऐकून काहींना वाटते की डॉक्टरांना काही कळले नाही, तर काहींना वाटते की घरचे लपवत आहेत. तंबाखू खाल्ली म्हणून तोंडाचा, सिगारेट ओढली म्हणून फुफ्फुसाचा, असे कारण तरी इतरांना सापडते. इथे पश्चात्तापालाही जागा मिळत नाही. आपल्याला कोणती तपासणी करून घ्यायला हवी, हे विचारणाऱ्या मुलीला ठाम उत्तर देता येत नाही. दिवस केमोच्या फेऱ्यांनी मोजले जातात आणि पुढच्या स्कॅनची तारीख कॅलेंडरवर सणासारखी लाल होते.

वेदना, धाप, मळमळ आणि झोपमोड यांवरचे उपचार मूळ कळेपर्यंत थांबत नाहीत. ती जबाबदारी उपशामक सेवेची. तिची गाठ शेवटच्या आठवड्यात नव्हे, निदानाच्या दिवशीच घालून द्यायला हवी. भारतातले पहिले हॉस्पिस, ‘शांती आवेदना सदन’, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. मॉर्फिनचा डोस ठरवताना रोग कुठून आला हे पाहावे लागत नाही, दुखते किती हे पाहावे लागते.

रुग्णाच्या फाइलमध्ये ‘मूळ जागा’ हा रकाना अखेरपर्यंत तसाच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मात्र त्यालाही एक क्रमांक आहे, सी८०.०. त्याचा अर्थ: घातक अर्बुद, मूळ जागा अज्ञात, असे नमूद केलेले.