दारापुढचा चिखल

माझ्या घरातला चिखल मी एकदा शेजारणीच्या दारात लोटला आहे. ही कबुली द्यायला मला इतकी वर्षे लागली.

२०२१ सालच्या २२ जुलैची ती गोष्ट. सावित्री आणि गांधारी दोन्ही फुगल्या, आणि महाडच्या बाजारपेठेत पाणी माडीच्या पायऱ्या चढू लागले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तोच घाला आला. पाणी ओसरले, आणि मागे राहिला चिखल. गुडघाभर, चिकट, कुजक्या धान्याच्या वासाचा.

जो तो फावड्याने तो उंबऱ्याबाहेर लोटू लागला. आमची आळी उतरणीची. वरच्यांचा चिखल आमच्या दारात आणि आमचा खालच्या काकींच्या. त्या एकट्या, सत्तरी उलटलेल्या. पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा तुम्ही काढलात. माझ्याकडे आला तो कुणाचा म्हणायचा?"

मी वरच्या घरांकडे बोट दाखवले. ते खोटे नव्हते. पण काकींच्या दारातला चिखल त्याने तसूभरही हलला नाही.

संध्याकाळी आळी जमली. वरचे म्हणाले, सर्वांनी सारखा हात लावावा. आम्ही मधले म्हणालो, ज्यांचा जास्त त्यांनी आधी. भांडता भांडता रात्र झाली. अखेर ठरले ते एवढेच: घरटी एक माणूस, ट्रॅक्टरचे भाडे वरच्यांचे, आणि सुरुवात काकींच्या दारापासून. खूश कोणीच नव्हते.

त्याच नोव्हेंबरात ग्लासगोला जवळजवळ दोनशे देश हवामानासाठी बसले. कोळसा 'बंद करत नेणे' की 'कमी करत नेणे' यावर शेवट अडला. 'कमी' हा शब्द आपल्या देशाने आग्रहाने घालून घेतला. समुद्रात बुडू पाहणाऱ्या बेटांचे प्रतिनिधी हळहळले. वर्तमानपत्र वाचताना मी आपल्याच बाजूने मान डोलावीत होतो. ज्यांनी दोनशे वर्षे धूर काढला, त्यांनी आम्हांला शिकवू नये! मुद्दा खराच होता. पण काकींच्या पायरीसमोर माझाही मुद्दा खराच होता की!

नुकसान सोसणाऱ्या देशांसाठी निधी काढायचे २०२२ साली शर्म-अल-शेखला ठरले. २०२३ मध्ये दुबईला त्यासाठी पैशांचे आकडे जाहीर झाले. गरजेच्या मानाने ते आमच्या ट्रॅक्टरच्या डिझेलइतकेच.

काकींच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे. रंग काढताना त्यांनी ती तेवढी राखायला सांगितली. तिथून जाताना त्या मला हटकून चहाला बोलावतात. चिखलाचा विषय त्या काढीत नाहीत, मीही नाही.