आदर्श प्रत

वाङ्मयचौर्याचा आरोप करताना आपण काळाचा एक सरळ क्रम गृहीत धरलेला असतो : आधी मूळ, मग नक्कल. माझ्या बाबतीत हा क्रम एकदा उलटा झाला, आणि तेव्हापासून ‘प्रभाव’ हा शब्द पूर्वीच्या निर्धास्तपणे वापरणे मला जमलेले नाही.

1995 साली इंग्लंडातील मावसभावाने ‘इलॅस्टिका’ या लंडनच्या बँडची कॅसेट पाठवली होती. तीतील ‘कनेक्शन’ हे गाणे फीत ताणली जाईपर्यंत ऐकले. कोरडी, तुटक सुरावट आणि जस्टिन फ्रिशमन हिचा बेफिकीर, काहीसा अलिप्त स्वर. पुढे बऱ्याच वर्षांनी ‘वायर’ या बँडचा 1977 सालचा ‘पिंक फ्लॅग’ हाती आला. त्यातील ‘थ्री गर्ल रुम्बा’ सुरू होताच मी मनाशी म्हणालो, ही तर ‘कनेक्शन’ची उचल! वस्तुस्थिती अर्थातच उलट होती. या साम्यावरून वाद झाला होता, तसाच दुसऱ्या एका गाण्यावरून ‘द स्ट्रँगलर्स’शीही, आणि 1995 मध्येच तो न्यायालयाबाहेर मिटलाही होता. पैशाचा प्रश्न तेथे संपला. समीक्षेचा मात्र तेथून सुरू होतो.

‘पिंक फ्लॅग’मध्ये जेमतेम पस्तीस मिनिटांत 21 गाणी आहेत. ‘थ्री गर्ल रुम्बा’ दीड मिनिटाच्या आतच थांबते. कल्पना मांडून झाली, आता रेंगाळायचे कशाला, असा तो खाक्या आहे. रॉकच्या ऐसपैसपणाला दिलेला तो नकार होता. ‘इलॅस्टिका’ने तीच सुरावट घेऊन तिच्यावर गुणगुणता येईल असे, नाचता येईल असे गाणे उभे केले. म्हणजे नकाराची सामग्री वापरून होकार दिला. स्वर तेच, पण त्यांचे कार्य बदलले. नवे आल्यावर जुन्याची मांडणीही बदलते, हे एलियटचे 1919 सालचे प्रतिपादन मी वर्गात कितीदा तरी शिकवले होते. कानांना ते प्रथमच पटले. ‘ओअ‍ॅसिस’बद्दल मात्र मला एवढे औदार्य दाखवता येत नाही. बीटल्सविषयीची त्यांची भक्ती प्रामाणिक असेलही, पण तीत जुन्या सुरांना नवे काम फारसे मिळत नाही. त्यांची पुण्याई तेवढी वापरली जाते. पुनरुज्जीवन आणि पुनर्वापर यांत मी फरक करतो तो येथे.

पण हा फरक करून मोकळे होऊ पाहावे, तर खुद्द ‘वायर’ आडवे येतात. 1980 मध्ये थांबलेला हा बँड 1985 मध्ये पुन्हा एकत्र आला, तो जुनी गाणी न वाजवण्याच्या निश्चयाने. 1987 च्या अमेरिका दौऱ्यात श्रोत्यांना हवे असलेले ‘पिंक फ्लॅग’ वाजवण्यासाठी त्यांनी चक्क एक नकलाकार बँडच सोबत घेतला : ‘द एक्स-लायन टेमर्स’. हे नावही ‘पिंक फ्लॅग’मधल्याच एका गाण्यावरून घेतलेले. हे नकलाकार आधी येऊन तो सबंध संग्रह सादर करीत, मग मूळ मंडळी येऊन आपले नवे काही वाजवीत. त्याच वर्षीच्या त्यांच्या संग्रहाचे नाव होते ‘द आयडियल कॉपी’, म्हणजे आदर्श प्रत. ज्यांचा भूतकाळ, त्यांनीच तो दुसऱ्यांच्या हाती सोपवला होता. आणि 2003 मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये तोच संग्रह त्यांनी स्वतः अथपासून इतिपर्यंत वाजवला. मग त्या रात्री ते मूळ होते की स्वतःचीच आदर्श प्रत? मला याचे उत्तर देता येत नाही. त्यांनाही ते द्यावेसे वाटले असेल असे नाही.

हा सारा खटाटोप मी करतो आहे त्याचे कारण संगीताबाहेरचे आहे. तरुणपणी मी एका नवोदित कवीच्या पहिल्या संग्रहाचे परीक्षण केले होते. मर्ढेकरांच्या यंत्रयुगीन तुटक ओळींचा हा उशिरा उमटलेला प्रतिध्वनी आहे, असे एका वाक्यात सांगून मी तो निकालात काढला होता. मूळ मी आधी वाचले होते. माझा अधिकार तेवढाच. त्या ओळी त्याच्या हाती काय काम करीत आहेत, हे पाहण्याची तसदी मी घेतली नव्हती. महिनाभराने त्याचे पोस्टकार्ड आले. मर्ढेकर आपण तुमचे परीक्षण वाचल्यावर प्रथम वाचले, ते फार आवडले, असे त्याने लिहिले होते. आणि त्या ओळी वडील ज्या गिरणीत होते तेथल्या सूचनाफलकांवरून सुचल्या होत्या, असेही. खाली पत्ता होता. मी उत्तर पाठवले नाही. त्याचा दुसरा संग्रह माझ्या पाहण्यात नाही.