वणीच्या मैदानातली ओव्हरबेट

नाशिकहून दिंडोरीमार्गे निघालं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, समोर सातमाळ्याची रांग, आणि साधारण तासाभरात वणी. बहुतेक गाड्या इथे चहापुरत्या थांबतात आणि नांदुरीवरून सप्तशृंगी गडाकडे सुटतात. आम्ही मात्र गावातच रेंगाळलो आणि कारण होतं पोकर!

सोबतचा मित्र पोकरचा किडा. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आल्यापासून तो घरी काड्यापेटीतल्या काड्या लावून खेळतो, पण फंडे तेच. लाडका विषय ‘ओव्हरबेट’. म्हणजे पॉटमध्ये 50 काड्या असताना थेट 100 लावायच्या. कधी? समोरचा शेवटपर्यंत नुसता कॉल करत आलाय तेव्हा. त्याचे पत्ते बरे आहेत, पण हुकमी नसावेत. असते तर त्याने आधीच रेज केलं असतं. आपल्याकडे मात्र एकतर सगळ्यात भारी हात हवा, नाहीतर निव्वळ थाप. मधल्या पत्त्यांवर ही उडी मारायची नाही. कमजोर पळतात, भारी तेवढे उरतात. आणि थाप असेल तर समोरच्याने तीनपैकी दोनदा पत्ते टाकले, तरच बरोबरी सुटते.

मी म्हटलं, “बॉस, आपण कुठे उभे आहोत ठाऊक आहे?”

17 ऑक्टोबर 1670. सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज बागलाणातून परतत होते. चांदवडकडून दाऊदखान कुरेशी आडवा आला. एरवी महाराजांचा भर गनिमी काव्यावर: झटपट घाव, झटपट माघार. इथे त्यांनी उघड्यावर मुघल फौज अंगावर घेतली. (लढाईला जुगार म्हणायची माझी हिंमत नाही, पण हिशेब ओळखीचा वाटतो.) दाऊदखानाची फौज रात्रीच्या दौडीत मागेपुढे झालेली. आघाडीचा इखलासखान मागच्यांची वाट न बघता तुटून पडला आणि जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. मराठ्यांनी मुघलांना रोखलं आणि महाराज पुढे निघून गेले.

“आणि हरले असते तर?” मित्राने विचारलं.

“लूट आधीच पुढे रवाना केली होती.”

यावर तो बराच वेळ गप्प. मोठा डाव लावताना काय पणाला लावायचं नाही, हे त्याच्या काड्यांच्या हिशेबात कुठे नव्हतंच.

वणी-दिंडोरीच्या या लढाईला कांचनबारीची लढाईही म्हणतात. कांचन किल्ला याच रांगेत, चांदवडच्या बाजूला. जायचं तर ऑक्टोबरात जा, पाऊस ओसरलेला असतो आणि डोंगर अजून हिरवे. आम्ही त्या रस्त्याला लागलो तरी मित्राचं डोकं एकाच प्रश्नात अडकलेलं: इखलासखानाने कॉल केलाच का?