टाळ्यांविना तीन गिटारी

पाको दे लुसिया, जॉन मॅक्लॉक्लिन आणि अल दि मिओला यांची ५ डिसेंबर १९८०ची मैफल 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' या नावाने १९८१ साली ध्वनिमुद्रिकेवर आली. बास नाही, ड्रम नाहीत. तीन गिटारी, आणि चौथा वादक म्हणावा असा श्रोतृवृंद. प्रत्येक द्रुत तानेनंतर उसळणारा त्याचा कल्लोळ त्या मुद्रिकेचा अविभाज्य भाग आहे.

१९८३ची 'पॅशन, ग्रेस अँड फायर' स्टुडिओत घडली. तिघांच्या प्रत्येकी दोन, अशा सहा रचना. वेग तोच, दाद देणारे मात्र कोणी नाही. मैफलीच्या संस्कारात वाढलेल्या आम्हांस ही शांतता प्रथम रुक्ष वाटते. मग हळूहळू ध्यानात येते, की एकाच्या वाक्याला उत्तर आता दुसराच वादक देतो आहे. पाको फ्लामेंकोच्या रीतीने बोटांनी छेडतात, उरलेले दोघे प्लेक्ट्रमने. त्यामुळे कोण बोलतो आणि कोण ऐकतो, हे नादाच्या पोतावरूनच कळते. 'चिकितो' ऐकताना आमचे लक्ष वेगावरून या ऐकण्याकडेच वळते.

काव्यवाचनात टाळ्या घेणारी कविता छापील पानावर एकटी पडते, तेव्हा तिची खरी परीक्षा होते. साहित्याच्या अभ्यासकांना हे नवे नाही. ही मुद्रिका तशीच परीक्षा देते. काही जागी कसब आशयावर मात करते, हेही येथे लपत नाही. पाको २०१४ साली निवर्तले. त्यांचे वादन टाळ्यांच्या आडोशाविना ऐकायचे, तर आम्ही १९८३कडेच वळतो.