नदीकाठची दीड एकर

गेल्या उन्हाळ्यात खानापूरच्या वरच्या बाजूला, मलप्रभेच्या काठी, दीड एकर जमीन बघायला गेलो होतो. पन्नाशी जवळ आली की आम्हा नोकरदारांना शेतीचे डोहाळे लागतात. तांदूळ आपला, भाजी आपली, दूध आपलं, बाजाराचं तोंड बघायला नको! शेतकरी नसलेल्यांना कर्नाटकात शेतजमीन घ्यायला आड येणारा कायदाही 2020 साली बदलला. आता राहिला होता फक्त विसार.

वहीत रकाने आखूनच गेलो होतो. पाणी : कणकुंबीला उगम पावलेली नदी शेताला लागूनच. पाऊस : भरपूर. माती : जांभ्याची तांबडी, भाताला आणि नाचणीला चालणारी. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण झाली.

सोबत मामा होते. सत्तरी ओलांडली तरी बांधावरून सरळ चालतात. म्हणाले, "नदी चैतात काय बघायलास? 2019 च्या श्रावणात ती कुठवर आलती ते बघ." आणि शेताच्या वरच्या अंगाच्या आंब्याकडे बोट दाखवलं. मग गवे, रानडुकरं, रात्रीची राखण असं एकेक निघत गेलं.

मी म्हटलं, "मामा, पण तुम्ही इथंच पिकवून इथंच खाल्लंत की!"

मामा हसले. "कुणी सांगितलं? मीठ घाटाखालनं यायचं. जोंधळा सौंदत्तीकडच्या काळ्या रानातला."

खरंच होतं. मलप्रभा तीच, पण खाली माती काळी झाली की ताटातल्या भाताच्या जागी भाकरी येते. नदीकाठचं कुठलंच गाव एकटं जेवलेलं नाही.

"आणि रोप लावायला कोण येणार?" मामांनी विचारलं.

"गडी लावीन."

"लावणीचे दिवस सगळ्यांचे एकच असतात रे. तेव्हा पैसे घेऊन हिंडलास तरी माणूस मिळत नाही. पैऱ्यानंच काम होतं. तू आजवर कुणाच्या रोपाला गेलायस?"

माझ्या वहीत तो रकानाच नव्हता. स्वावलंबन म्हणजे कुणाची गरज न लागणं, असं मी वर्गात शिकवत आलो. इथं मात्र ज्याचं कुणाकडे देणं-घेणं नाही, त्याचं शेत पडीक राहतं.

विसार दिला नाही. आषाढात दोन दिवस रजा टाकून मामांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्याच्या लावणीला गेलो. माझ्या ओळी वाकड्या आल्या, बायका पदर तोंडाला लावून हसल्या, कंबर आठवडाभर धरली होती. निघताना शेजारी म्हणाला, "सर, निम्दु वंद मुय्यि बाकी ऐति."

आपला पैरा तोच त्यांचा मुय्यि. घरी येऊन वहीत नवा रकाना आखला. त्यात सध्या एक दिवस जमा आहे. विसाराचं आणखी दोन पावसाळ्यांनंतर बघू.